नाव नसलेला ऑर्केस्ट्रा

लेड झेपेलिनच्या 'कोडा' या अल्बमची २०१५ची आवृत्ती फोनवर उघडली की अंगठ्याला बराच वेळ खाली सरकावं लागतं. मूळची आठ गाणी संपतात. मग त्याच गाण्यांचे पर्यायी मिक्स, तालमीतले तुकडे, बीबीसीवरचं एक गाणं असं काय काय येत राहतं. आणि खूप खाली दोन गाणी अशी लागतात की ज्यांच्या नावापुढे 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' एवढंच लिहिलेलं असतं. एक 'फोर हँड्स', दुसरं 'फ्रेंड्स'. दोन्ही साडेचार मिनिटांच्या आसपास.

मी ही दोन गाणी डोंबिवली ते सीएसएमटी या प्रवासात किती वेळा ऐकली असतील याचा हिशेब नाही. ठाणे गेलं की गाडीत श्वास घ्यायला जागा उरत नाही, तेव्हा कानात जे वाजत असतं तेवढीच आपली मोकळी जागा. त्या जागेत बसून एक प्रश्न मला कायम छळत आला आहे. जगातल्या सर्वांत गाजलेल्या ब्लूज-रॉक बँडबरोबर माझ्याच शहरातली माणसं वाजवतायत आणि मला त्यातल्या एकाचंही नाव या पडद्यावर दिसत नाही. बॉम्बे ऑर्केस्ट्रा म्हणजे कोण?

हा लेख त्या दोन गाण्यांबद्दल आहे. पण आधी ती ज्या खोक्यातून आली त्या खोक्याबद्दल बोलावं लागेल.

*

अल्बमला चाळीस किंवा पन्नास वर्षं झाली की त्याची नवी आवृत्ती निघते, हा आता संगीतधंद्यातला वार्षिक सण झाला आहे. जुनी टेप काढायची, आवाज धुऊनपुसून घ्यायचा, मागे पडलेले दोन-चार तुकडे जोडायचे आणि ज्याच्याकडे तो अल्बम आधीच आहे त्यालाच तो पुन्हा विकायचा. लेड झेपेलिनच्या बाबतीत हे काम गिटारवादक जिमी पेजनं स्वतः हातात घेतलं. २०१४च्या जूनमध्ये पहिले तीन अल्बम आले, ऑक्टोबरमध्ये चौथा आणि पाचवा. 'फिजिकल ग्राफिटी' तर बरोबर चाळिसाव्या वाढदिवशी, म्हणजे २४ फेब्रुवारी २०१५ला. आणि ३१ जुलै २०१५ला उरलेले तीन, त्यातला शेवटचा 'कोडा'. प्रत्येकाबरोबर एक जोडतबकडी होती आणि तिच्यात आधी न ऐकलेलं काहीतरी असेल असं आश्वासन.

खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं आश्वासनच राहिलं. एखाद्या गाण्याचा कच्चा मिक्स म्हणजे तेच गाणं, फक्त गिटार जरा मागे आणि ढोल जरा पुढे. पहिल्यांदा कान टवकारून ऐकतो, दुसऱ्यांदा ऐकत नाही. शंभर वेळा पाहिलेल्या नाटकाची रंगीत तालीम दाखवण्यासारखं ते आहे. नटाचा मेकअप अर्धाच झालाय हे कळतं, नाटक नव्यानं कळत नाही. रीमास्टरिंगचं काम मात्र चांगलं आहे. नव्वदीतल्या सीड्यांपेक्षा इथे ढोलाभोवती हवा ऐकू येते, आणि या बँडचा निम्मा जीव जॉन बोनमच्या ढोलातच होता.

'कोडा'ची गोष्ट वेगळी आहे. हा खरं तर त्यांचा सर्वांत अशक्त अल्बम. २५ सप्टेंबर १९८०ला बोनम गेला, बँड थांबला, आणि १९८२मध्ये कपाटात उरलेल्या गाण्यांची मोट बांधून तो काढला गेला. पण उरलंसुरलं गोळा करायचं हाच त्याचा स्वभाव असल्यामुळे नव्या आवृत्तीत त्याच्या वाट्याला सर्वांत मोठं कपाट आलं. एकाऐवजी दोन जोडतबकड्या, आठ गाण्यांवर आणखी पंधरा. सर्वांत कमजोर अल्बमची आवृत्ती सर्वांत श्रीमंत झाली. आणि दुसऱ्या जोडतबकडीची सुरुवातच मुंबईच्या त्या दोन गाण्यांनी होते.

माझ्या वयाच्या लोकांना ही गाणी त्याआधीच भेटलेली होती. ठाणे स्टेशनबाहेर फुटपाथवर एका सीडीत दीडशे गाणी मिळायची तो काळ. बँडचं नाव चुकीच्या स्पेलिंगमध्ये, गाण्यांची नावं अर्धवट तुटलेली. त्यात एखाद्या फाइलच्या नावात 'बॉम्बे' असा शब्द दिसायचा. लावलं की पावसात भिजलेल्या रेडिओसारखा आवाज. वर्षानुवर्षं ही ध्वनिमुद्रणं अशी चोरवाटेनंच फिरत होती. २०१५मध्ये ती पहिल्यांदा राजमार्गानं आली. चिखल धुतला गेला आणि पहिल्यांदा कळलं, की तिथे तबला नुसता 'भारतीय वातावरणा'साठी नाहीये. तो झगडतोय.

*

हकिकत थोडक्यात अशी. १९७२च्या ऑक्टोबरमध्ये जपानचा दौरा आटोपल्यावर पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट मुंबईत उतरले. उरलेले दोघे आले नाहीत. कुलाब्यातल्या 'स्लिप डिस्क' नावाच्या क्लबात हे दोघं वाजवून गेले, त्याच्या आठवणी त्या पिढीतले लोक अजून सांगतात. आणि इथल्या एका स्टुडिओत स्थानिक वादक जमवून त्यांनी आपली दोन गाणी पुन्हा मुद्रित केली. 'फ्रेंड्स' हे १९७०च्या तिसऱ्या अल्बममधलं, 'फोर स्टिक्स' हे १९७१च्या चौथ्या अल्बममधलं. मुंबईत दुसऱ्याचं नाव 'फोर हँड्स' झालं. चार काठ्यांच्या जागी चार हात.

निवड विचारपूर्वक केलेली दिसते. 'फ्रेंड्स'साठी पेजनं गिटारच्या तारा वेगळ्या लावल्या आहेत, त्यामुळे एक सूर तानपुऱ्यासारखा खाली सतत वाजत राहतो. मूळ गाण्यात जॉन पॉल जोन्सनं त्यावर तंतुवाद्यांचा ताफा बसवला होता, आणि तो ताफा ऐकताना लंडनमध्ये बसून कुणीतरी पूर्वेची कल्पना करतंय हे जाणवतं. 'फोर स्टिक्स'चं गणित आणखी अवघड. त्याची मूळ लकेर पाच आणि सहा मात्रांमध्ये येरझाऱ्या घालते. बोनमनं दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ते वाजवलं, म्हणून ते नाव.

मुंबईतल्या 'फ्रेंड्स'मध्ये एक गंमत घडते. लंडनच्या व्हायोलिनवाल्यांनी ज्याची नक्कल केली होती, तेच लोक आता त्या नकलेची नक्कल करायला बसले आहेत. आणि ते नक्कल करत नाहीत. ते सरळ आपल्या पद्धतीनं वाजवतात. स्वरावर थेट न उतरता जरा अलीकडून घसरत येणं, सगळ्या व्हायोलिननी एकच ओळ एका जिवानं म्हणणं. हा आवाज आपल्या कानांना इतका ओळखीचा आहे की क्षणभर वाटतं आता लता मंगेशकरांचा आवाज येणार. येतो प्लँटचा. त्या धक्क्यासाठी हे गाणं ऐकावं. मूळ गाणं जास्त बांधेसूद आहे, पण त्यातला परका दूरचा देश इथे घरचा झाला आहे, आणि परका झालाय तो गायक.

'फोर हँड्स'मध्ये गाणारा आवाज नाही. आणि ते कुठेकुठे डगमगतं, हे मान्य करायला हवं. लकेर पाचातून सहात जाते तेव्हा ताफ्यातला कुणी क्षणभर मागे राहतो, मग गाठतो. या सत्राबद्दल जे लिहिलं-सांगितलं गेलं त्यात हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते, की वादकांना पाश्चात्त्य पद्धतीनं ताल धरता आला नाही, आणि त्यातले काही प्यायले होते. म्हणून ती ध्वनिमुद्रणं तेव्हा बाहेर आली नाहीत.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलं होतं. मग मी ते गाणं आमच्या शेजारच्या काकांना ऐकवलं.

*

काकांचं वय अठ्ठ्याहत्तर. चाळीसएक वर्षं त्यांनी मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजवलं. राहायला डोंबिवलीत, कारण मुंबईत भाडं परवडत नव्हतं. ताडदेवला नाहीतर वांद्र्याला रेकॉर्डिंग असायचं आणि रात्रीची शेवटची गाडी चुकली तर दादरच्या फलाटावर पहाटेपर्यंत बसणं. "पेटी कधी रॅकवर नाही ठेवली," ते सांगतात. "पायांत धरायची. लोक शिव्या घालायचे, घालू देत." बोटं आता वळत नाहीत, म्हणून व्हायोलिन भाचीकडे गेलंय. त्या १९७२च्या सत्राला ते नव्हते, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. तेव्हा ते या धंद्यात नवेच होते.

मी त्यांच्या कानात इअरफोन घातले. ते डोळे मिटून, बोटानं टीपॉयवर मात्रा मोजत ऐकत राहिले. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ऐकून म्हणाले, "अगं, ह्याला सम कुठाय?"

तिथे मला माझी चूक कळली. मी ते गाणं रॉक ऐकणारीच्या कानानं ऐकत होते. आपल्या तबलजीकडे पाच मात्रांचा एक कप्पा असतो, अर्धा झपताल म्हणा. सहा मात्रांचा दादरा असतो. दोन्ही त्याच्या हाडात मुरलेले. पण तो ज्या तालात शिरतो तो ताल फिरून समेवर येणार ही त्याची खात्री असते, आणि त्या खात्रीवरच तो मधल्या सगळ्या करामती करतो. इथे गिटार कधी पाचाचा ठोकळा मांडतं, कधी सहाचा. ठोकळ्यावर ठोकळा. वर्तुळ पुरं होतच नाही. तबला त्या 'फोर हँड्स'मध्ये जे करतोय त्याला चूक म्हणणं सोपं आहे. काकांच्या कानाला ते वेगळं ऐकू आलं. "तो सम शोधतोय. दर वेळी वाटतं सापडली, की हे लोक पुढे निघून जातात."

मग म्हणाले, "आणि हे कानावरून बसवलंय. कागदावर लिहून दिलं असतं ना, तर सगळी व्हायोलिनं एकदम उठली असती. आम्ही कागद वाचायचो. दोन वाचनांत ओके."

हे बढाईचं बोलणं नव्हे. मुंबईच्या सिनेसंगीताच्या ताफ्यांत पाश्चात्त्य स्वरलिपी सराईतपणे वाचणारे लोक होते, त्यांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येनं होते. त्यांच्यासाठी संयोजक रात्रभर बसून प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहायचे. म्हणजे ज्यांच्यावर 'पाश्चात्त्य ताल जमला नाही' असा ठपका आहे ते शहर तोच ताल कागदावर वाचून रोज सकाळी नऊच्या शिफ्टला वाजवत होतं.

आणि दुसरी बाजूही बघा. 'फोर स्टिक्स' खुद्द लेड झेपेलिनलाही सहज येत नव्हतं. स्टुडिओत ते जमता जमेना, मग बोनमनं त्या चार काठ्या उचलल्या. मैफलीत त्यांनी ते एकदाच वाजवल्याची नोंद आहे, १९७१च्या मेमध्ये कोपनहेगनला. जे गाणं लिहिणाऱ्यांनी एकदा वाजवून बाजूला ठेवलं, ते परक्या माणसांना थोडक्या वेळात बसलं नाही, यात नवल कसलं? पण गोष्ट सांगणारे एका बाजूचे असले की अडचण दुसऱ्या बाजूची ठरते. त्या वादकांची रॉकच्या इतिहासातली सगळी नोंद एवढीच: नाव नाही, ठपका आहे.

*

हा मुद्दा मी इतका ताणून धरते त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते याच अल्बममध्ये आहे.

लेड झेपेलिनची पहिली काही वर्षं म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या ब्लूज गायकांकडून घेतलेलं आणि नेहमीच न सांगितलेलं कर्ज आहे. 'होल लोटा लव्ह'वर विली डिक्सननं १९८५मध्ये दावा लावला, १९८७मध्ये तडजोड झाली, आणि आता त्या गाण्याच्या श्रेयात त्याचं नाव असतं. 'द लेमन साँग'मध्ये हाउलिन वुल्फचं गाणं होतं, तेही पैशांच्या तडजोडीनंतर मान्य झालं. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'पुढे जेक होम्सचं नाव यायला चाळीसहून जास्त वर्षं गेली. पेजची गिटार ग्रेट आहेच, त्यात मला शंका नाही. पण ती कुठल्या शेतात उगवली हे सांगायला कोर्टाची पायरी चढावी लागली, हेही तितकंच खरं.

'कोडा'ची ही मोठी आवृत्ती ऐकताना तो सगळा इतिहास एका जागी भेटतो. विली डिक्सनचं 'आय कान्ट क्विट यू बेबी' इथे आहे. रॉबर्ट जॉन्सननं १९३७मध्ये गायलेल्या 'ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज'वरून केलेलं गाणं आहे आणि त्याच्या श्रेयात जॉन्सनचं नाव आहे. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चं आधीचं रूप आहे. ते मूळ गाणं मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी १९२९मध्ये मुद्रित केलं, मिसिसिपीच्या १९२७च्या महापुरानंतर. या सगळ्या नावांपर्यंत आज फोनवरून पोचता येतं. मी पोचलेच तशी. झेपेलिनकडून डिक्सनकडे, डिक्सनकडून हाउलिन वुल्फकडे, आणि तिथून परत यायची इच्छाच झाली नाही.

श्रेयनामावलीचा खरा उपयोग हा आहे. मानापमान आणि पैसा तर आहेच, पण ऐकणाऱ्यासाठी नाव म्हणजे पुढचा रस्ता. नाव असलं की त्या माणसाचं दुसरं गाणं शोधता येतं. 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' या दोन शब्दांवर बोट ठेवलं तर कुठेच जाता येत नाही.

आणि पेजला हे कळत नव्हतं असंही नाही. १९९४मध्ये तो आणि प्लँट पुन्हा एकत्र आले आणि 'नो क्वार्टर' नावाचा अल्बम केला. 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन्ही गाणी त्यात आहेत. मुंबईत जे अर्धवट राहिलं ते बावीस वर्षांनी पुरं करायचा तो प्रयत्न होता, असंच मी ते ऐकते. या वेळी सोबत इजिप्शियन वादक होते, होसाम रामझी त्यांचे म्होरके. गाणी झकास बसली आहेत, तालात कुणी अडखळत नाही. आणि त्या इजिप्शियन वादकांची नावं अल्बमवर एकेक करून छापलेली आहेत. म्हणजे जमतं. मनात आणलं की जमतं.

*

इथपर्यंत लिहून मी थांबले असते तर लेख सोपा झाला असता. गोरे आले, वाजवून घेतलं, नाव न लिहिता गेले. पण काकांच्या घरात बसून हे वाक्य तोंडातून निघत नाही.

कारण त्यांनी वाजवलेल्या शेकडो हिंदी-मराठी गाण्यांपैकी एकाही तबकडीवर त्यांचं नाव नाही. तिथे कुणी परदेशी नव्हतं. गायक, संगीतकार, गीतकार, फार तर संयोजक. बाकी सगळे मिळून 'वाद्यवृंद'. आपल्याकडे गणपतीत, नवरात्रात ज्यांचे ऑर्केस्ट्रा गाजले त्यांच्या पोस्टरवर सुद्धा गाणाऱ्यांचे फोटो आणि खाली 'आणि साथीदार'. गडकरी रंगायतन असो की कल्याणचं अत्रे रंगमंदिर, मैफल संपताना साथीदारांची ओळख करून द्यायची वेळ येते तेव्हा अर्धं प्रेक्षागृह पार्किंगकडे निघालेलं असतं. मीही निघालेली आहे.

भारतात घराघरात माहीत असलेलं व्हायोलिनवादकाचं एक नाव आहे. अँथनी गोन्साल्विस. 'अमर अकबर अँथनी'मधल्या पात्राला ते दिलं ते प्यारेलाल यांनी, आपल्या गुरूची आठवण म्हणून. गोव्याच्या या माणसानं मुंबईच्या सिनेसंगीतात व्हायोलिन वाजवलं, संयोजन केलं, विद्यार्थी घडवले. आणि आपण समजतो ते अमिताभच्या पात्राचं नाव आहे. नाव उरलं, माणूस पुसला गेला. या लोकांवर सविस्तर पुस्तक लिहिलं तेही बाहेरून आलेल्या ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकानं, २००८मध्ये, वादकांच्या मुलाखती घेऊन.

त्यामुळे 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' हे दोन शब्द पेजनं शोधून काढलेले नाहीत. ती आपलीच रीत होती. तो एका अशा शहरात आला जिथे वादकाचं नाव विचारायची पद्धतच नव्हती, आणि त्यानं विचारलं नाही. हे म्हटल्यानं त्याची सुटका होत नाही. ज्याला विली डिक्सनच्या नावाची किंमत मोजावी लागली, त्यानं २०१५मध्ये कपाट उघडताना हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता. पण आपलीही सुटका होत नाही.

तसं बघितलं तर नावं लिहून ठेवायची उदाहरणं आपल्याकडे आहेत, आणि ती कुठल्याही रॉक आवृत्तीपेक्षा मोठी आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवी म्हणजे निनावीच असायची, पिढ्यान्‌पिढ्या. त्यांनी ओवीबरोबर गाणारणीचं नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं. आज ती ओवी इंटरनेटवर ऐकताना बाईचं नाव समोर असतं. मला ब्लूज आणि ओवी यांची तुलना नेहमी जरा सैल वाटते, दुःख आहे म्हणून दोन्ही एकच असं होत नाही. पण एका बाबतीत ती अगदी घट्ट बसते: दोन्हीकडे गाणाऱ्या माणसाला नाव आहे हे कुणीतरी ठरवून, मुद्दाम लिहावं लागलं.

*

तर ही आवृत्ती ऐकावी का? नक्की ऐकावी, पण सगळी नाही. मूळ आठांपैकी 'पुअर टॉम' आणि 'वेअरिंग अँड टेअरिंग' ऐका. पर्यायी मिक्स बहुतेक सोडून द्या. 'इफ इट कीप्स ऑन रेनिंग' आवर्जून ऐका, पूर यायच्या आधीच्या ढगांसारखं आहे ते. आणि मग ती मुंबईची दोन. शक्य असेल तर आधी १९७०-७१ची मूळ रूपं, मग १९७२ची, मग १९९४ची, अशी ओळीनं लावा. डोंबिवलीहून निघालात तर ठाणे यायच्या आसपास संपतील.

माझ्या मते तिन्हींत मुंबईची रूपं सर्वांत कमी सफाईदार आणि सर्वांत जिवंत आहेत. मूळ गाण्यात बँडला काय हवंय हे ठाऊक आहे. नव्वदीतल्या गाण्यात सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. मुंबईत कुणालाच पुरतं ठाऊक नाही, दोन्ही बाजू एकमेकांची सम शोधतायत, आणि ते शोधणं टेपवर उतरलंय. अशा आवृत्त्यांकडून मला हेच हवं असतं. घासूनपुसून लखलखीत केलेलं जुनं नको, एखादी अशी दुपार हवी जी कुणी नीट ऐकलीच नव्हती.

काकांकडे एक वही आहे. लाल पुठ्ठ्याची, कडा झिजलेल्या. तारीख, स्टुडिओ, शिफ्ट, मिळालेले पैसे. गाण्याचं नाव बहुतेक ठिकाणी नाहीच, कारण वाजवताना ते माहीत नसायचं. सिनेमा लागला की थिएटरात बसल्यावर कळायचं, की अरे, हे तर आपलं. मी विचारलं, तुमच्या रांगेत कोण कोण असायचं? ते जरा वेळ गप्प राहिले. मग एकेक नाव सांगायला लागले. कोण कुठून यायचा, कोणाची बो जरा जड, कोण कल्याणला उतरायचा. अकरा नावं झाली. मी ती फोनवर टाइप केली. दोन चुकली होती, त्यांनी चष्मा लावून ती दुरुस्त करून घेतली.

ती यादी इथे छापत नाही, त्या-त्या घरच्यांना विचारल्याशिवाय छापणार नाही. चार घरांचा पत्ता लागलाय. एक बदलापूरला आहे. येत्या रविवारी जायचंय.